उजेडाने पालटणारे लोह



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे दादरला जमतो, त्यांनी गिरणगावातल्या मुलांना आयुष्यभर विज्ञान शिकवले, आणि ते मराठीतून शिकवले. अवघड भाग आला की तो गाळायचा नाही, सावकाश सांगायचा, अशी त्यांची रीत होती. आज मीही तीच पाळणार आहे. विषय असा आहे की, काही पदार्थांवर एका रंगाचा उजेड टाकला की त्यांच्या रेणूंचे चुंबकत्व जागे होते आणि दुसऱ्या रंगाचा टाकला की मावळते. हे कसे घडते, त्या शोधाच्या वाटेवर मुंबईच्या प्रयोगशाळा कुठे भेटतात आणि कोणती गाठ अजून सुटायची आहे, हे मला सांगायचे आहे. माझे म्हणणे आधीच मांडते. उजेडाने रेणूची अवस्था पालटणे ही यातली सोपी बाजू आहे. पालटलेली अवस्था धरून ठेवणे, हे खरे काम.

सुरुवात आपल्या रक्तापासून करू. कोविडच्या दोन वर्षांत ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला. बोटाला लावायच्या त्या चिमट्यात दोन दिवे असतात. एक तांबडा, ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा. दुसरा डोळ्यांना न दिसणारा, ९४० नॅनोमीटरचा. प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन आणि न घेतलेले हिमोग्लोबिन हे दोन उजेड वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात आणि त्या फरकावरून यंत्र आकडा दाखवते. हा रंगाचा फरक आपण सगळ्यांनी पाहिला आहे, धमनीचे रक्त लालभडक आणि शिरेतले काळपट. फारसा कोणी सांगत नाही ते असे की, या दोन रक्तांचे चुंबकत्वही वेगळे असते. १९३६ साली लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी अमेरिकेत ते मोजून दाखवले. प्राणवायू नसलेल्या हिमोग्लोबिनमधल्या प्रत्येक लोह-अणूत चार इलेक्ट्रॉन एकेकटे असतात, म्हणून ते चुंबकाकडे किंचित ओढले जाते. प्राणवायू जोडला गेला की हे चुंबकत्व पार नाहीसे होते. लोह तेच, रेणू तोच, पण रंग आणि चुंबकत्व दोन्ही एकाच वेळी पालटतात. रंग आणि चुंबकत्व यांचे हे एकत्र जाणे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी कथा त्यावरच उभी आहे.

रक्ताच्या बाबतीत उजेडाचा भागही फार जुना आहे. जॉन स्कॉट हाल्डेन आणि लोरेन स्मिथ यांना १८९० च्या दशकातच दिसले होते की, कार्बन मोनॉक्साइडने भारलेल्या रक्तावर प्रखर उजेड टाकला की तो वायू लोहापासून सुटतो आणि अंधार केला की पुन्हा चिकटतो. त्यांनी रंग पाहिला. चुंबकत्वाचा विचार त्या वेळी कोणाच्या डोक्यात येणे शक्यच नव्हते, कारण इलेक्ट्रॉनच अजून नीट सापडायचा होता. पण आज आपण म्हणू शकतो की त्या परीक्षानळीत उजेडाने वायू सुटला की लोहाचे चुंबकत्व क्षणभर तरी शून्यावरून वर जात होते आणि लोहाला पुन्हा वायू चिकटला की परत शून्यावर येत होते.

आता आत काय चालते ते पाहू. हे पाच मिनिटांचे काम आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. लोहाचा अणू दोन इलेक्ट्रॉन गमावून आयन झाला की त्याच्या बाहेरच्या भागात सहा इलेक्ट्रॉन उरतात आणि त्यांना राहायला पाच कक्षक असतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतः एक बारीक चुंबक असतो. दोन इलेक्ट्रॉन एका कक्षकात आले की त्यांची तोंडे उलटसुलट होतात आणि दोघांचे चुंबकत्व एकमेकांना पुसून टाकते. म्हणून चुंबकत्व उरते ते एकट्या इलेक्ट्रॉनांचे. आयन मोकळा असेल तर सहाजण पाच कक्षकांत पसरतात आणि चार एकटे राहतात. पण रेणूमध्ये आयन मोकळा नसतो. त्याच्या सहा बाजूंनी, समजा, नायट्रोजनचे अणू येऊन बसलेले असतात. त्यांच्यामुळे पाच कक्षकांची ऊर्जा सारखी राहत नाही. तीन खाली जातात, दोन वर. ही वर-खालची दरी मोठी असेल तर सहाही इलेक्ट्रॉन खालच्या तिघांत दाटीने जोड्या करून बसतात आणि चुंबकत्व शून्य होते. दरी लहान असेल तर पसरणेच परवडते, आणि चार एकटे उरतात. पहिल्याला निम्न-स्पिन अवस्था म्हणतात, दुसऱ्याला उच्च-स्पिन.

बहुतेक रेणूंत हा निकाल कायमचा लागलेला असतो. पण काही रेणूंत दरीची उंची आणि जोडी करण्याची किंमत जवळजवळ सारखी पडते. असे रेणू काठावर असतात. थोडी उष्णता, थोडा दाब किंवा योग्य रंगाचा उजेड मिळाला की ते एका अवस्थेतून दुसरीत जातात. आपला विषय या काठावरच्या रेणूंचा आहे.

चुंबकत्व मोजायचे कसे? दक्षिण मुंबईत हे काम शंभर वर्षांच्या आसपास चालत आले आहे. काळा घोड्याजवळची, त्या वेळी मेयो रोड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावरची रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स १९२० साली सुरू झाली. आज आपण तिला नुसते 'इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स' म्हणतो. तिथे १९३० आणि ४० च्या दशकांत माता प्रसाद आणि त्यांचे सहकारी, त्यांत एस. एस. धर्मट्टी, सेलेनियम, बिस्मथ आणि इतर मूलद्रव्यांच्या संयुगांची चुंबकीय ग्रहणशीलता मोजत होते. त्यांचे निबंध इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या कार्यवृत्तात छापले आहेत. ज्या काळात देशात साधनांची चणचण होती, त्या काळात मुंबईत बसून रेणूची रचना चुंबकत्वावरून वाचायचा हा उद्योग होता.

या कामाचे एक प्रसिद्ध साधन म्हणजे गुई तराजू. मुंबईत एम.एस्सी. करणाऱ्या कित्येकांनी तो हाताळला असेल. मी तर कित्येक वर्षे तो शिकवला. सपाट बुडाची लांब काचनळी घ्यायची. तीत बारीक कुटलेली पूड थोडी थोडी भरायची आणि दर वेळी नळी लाकडावर हलकेच आपटून पूड दाबून घ्यायची, कारण मध्ये हवा राहिली तर आकडा फसतो. हवेतला प्राणवायू स्वतःच चुंबकाकडे ओढला जातो. पूड भरायला लोखंडी चमचा चालत नाही. लोखंडाचा एक कण पडला तरी सगळे माप वाया जाते. ही नळी तराजूच्या एका पारड्याऐवजी टांगायची, बूड विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांच्या बरोबर मध्ये आणि वरचे टोक चुंबकाच्या आवाक्याबाहेर. पंखे बंद, खिडक्या बंद. आधी चुंबक बंद ठेवून वजन करायचे, मग चालू करून. एकटे इलेक्ट्रॉन असतील तर नळी खाली ओढली जाते आणि वजन काही मिलिग्रॅम वाढल्यासारखे दिसते. नसतील तर ते किंचित घटते. एवढ्या मिलिग्रॅमांवरून रेणूच्या पोटात किती इलेक्ट्रॉन एकटे आहेत हे मोजता येते. पावसाळ्यात पूड ओल धरते म्हणून जून ते सप्टेंबर या कामाला फार जपावे लागते. मला या प्रयोगाबद्दल फार माया आहे. दिसणारी वस्तू एक तराजू, आणि ती जे सांगते ते डोळ्यांना कधीच दिसणार नाही.

धर्मट्टी पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे १९५१ साली जे. टी. अर्नोल्ड, धर्मट्टी आणि एम. ई. पॅकार्ड यांनी अल्कोहोलच्या रेणूतले तीन प्रकारचे हायड्रोजन चुंबकीय अनुनादाने वेगवेगळे दाखवले. एक, दोन आणि तीन हायड्रोजनांचे तीन उंचवटे. रसायनशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ते चित्र पाठ असते, पण त्यातले मधले नाव मेयो रोडवरच्या प्रयोगशाळेतून तिथे गेले होते हे फार थोड्यांना माहीत असते. परत आल्यावर त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे शास्त्र रुजवले. होमी भाभांची ती संस्था १९४५ साली मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यातून काम करू लागली आणि १९६२ साली कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठच्या आजच्या इमारतीचे उद्‌घाटन झाले.

काठावरचे रेणू पहिल्यांदा सापडले ते इटलीत. मिलानला लुइजी काम्बी यांनी १९३१ साली डायथायोकार्बामेट गटाच्या लोह संयुगांचे चुंबकत्व तापमानाबरोबर विचित्र बदलते असे नोंदवले. ते नाव तुम्हाला परके वाटेल, पण नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला मॅन्कोझेबचा डबा परका नाही, आणि मॅन्कोझेब याच कुळातले आहे. लोहाचे अगदी काम्बींच्या धर्तीचे एक संयुग फर्बाम या नावाने बुरशीनाशक म्हणून विकले जात असे. बागेत फवारायच्या पुडीत पुंजयांत्रिकीचा एवढा नाजूक तोल दडलेला असतो.

कुलाब्याच्या संस्थेत १९७० च्या दशकात समरेश मित्र यांचा गट या लोह संयुगांवर आणि रक्तातल्या लोहासारख्या पॉर्फिरिनांवर काम करत होता. पूड नव्हे, एकसंध स्फटिक घ्यायचा, तो बारीक तंतूने चुंबकाच्या मध्ये टांगायचा आणि तो कसा वळतो ते पाहायचे. कलकत्त्यात के. एस. कृष्णन यांनी १९३० च्या दशकात बसवलेली ही पद्धत. तिच्यामुळे चुंबकत्व किती आहे एवढेच नव्हे, तर ते रेणूच्या कोणत्या दिशेला जास्त आहे हे कळते. या गटाचे गांगुली, मराठे आणि मित्र असे तीन नावांचे निबंध आजही शोधले तर मिळतात. त्यांतल्या पी. गांगुली यांचे नाव पुढे १९८१ साली जर्मनीतल्या माइन्त्सच्या फिलिप ग्युटलिख यांच्याबरोबर एका निबंधावर दिसते. विषय हाच, लोहाच्या एका फेनॅन्थ्रोलिन संयुगाची स्पिन-पालट.

आणि तीनच वर्षांनी, १९८४ साली, त्याच माइन्त्सच्या प्रयोगशाळेतून ती बातमी आली जिच्यामुळे हे क्षेत्र जन्मले. सिल्व्हिओ डेकुर्टिन्स, ग्युटलिख आणि त्यांचे सहकारी प्रोपाइलटेट्राझोल नावाच्या रेणूंनी वेढलेल्या लोहाचा स्फटिक अतिशय थंड करून पाहत होते. साध्या तापमानाला हा स्फटिक रंगहीन आणि चुंबकीय असतो. उणे १४० अंश सेल्सिअसच्या आसपास तो गडद जांभळट होतो आणि चुंबकत्व जाते. इथवर नवे काही नव्हते. त्याला आणखी थंड करून, उणे २२३ अंशांच्या खाली नेऊन त्यावर हिरवा उजेड टाकला तेव्हा जांभळा रंग नाहीसा झाला. स्फटिक पुन्हा रंगहीन, पुन्हा चुंबकीय. दिवा बंद केला तरी तो तसाच राहिला. उणे २५० अंशांच्या आसपास ही अवस्था कित्येक दिवस टिकते. पुढे दोन वर्षांनी अँड्रियास हाउझर यांनी दाखवले की तांबड्यापलीकडचा उजेड टाकला की तोच स्फटिक परत जांभळा होतो. दोन रंग, दोन अवस्था, हवे तेव्हा पुढे आणि हवे तेव्हा मागे.

मी म्हटले की पालटणे सोपे आहे. त्याचे प्रमाण द्यायला हवे. मुंबईच्या कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत फेरोइनची बाटली असते. टायट्रेशनच्या शेवटी रंग बदलणारा तो लाल द्राव. त्याच्याच सख्ख्या भावंडाचा, लोह-बायपिरिडिनचा, २००९ साली युरोपात क्ष-किरणांनी अभ्यास झाला. साध्या पाण्यात, साध्या तापमानाला त्यावर उजेडाचा कण पडला की रेणू उच्च-स्पिन अवस्थेत जातो, आणि त्याला लागणारा वेळ एका सेकंदाच्या दहा लाख कोटी भागांपैकी दीडएक भागाहून जास्त नसतो. म्हणजे खिडकीत ठेवलेल्या त्या लाल द्रावात दिवसभर असंख्य रेणू चुंबकीय होत असतात. मग आपल्याला ते दिसत का नाही? कारण सेकंदाच्या एक अब्जांशापेक्षाही कमी वेळात ते परत फिरतात. पालट झाली, टिकली नाही.

टिकण्याचे गणित असे आहे. उच्च-स्पिन अवस्थेत वरच्या दोन कक्षकांत इलेक्ट्रॉन येतात, आणि ते कक्षक नेमके नायट्रोजनांकडे रोखलेले असतात. त्यामुळे नायट्रोजन मागे रेटले जातात. लोह-नायट्रोजन बंध सुमारे २ अँगस्ट्रॉमवरून २.२ अँगस्ट्रॉमवर जातो, दर बंधाला दहा टक्के. परत यायचे तर सहाही बंध आखडायला हवेत आणि त्याला ऊर्जेचा एक अडसर ओलांडावा लागतो. तापमान पुरेसे कमी असेल तर रेणूजवळ ती ऊर्जा नसते आणि तो अडकून पडतो. हा अडसर किती मोठा असावा? हाउझर यांनी अनेक संयुगे तुलनेला घेऊन एक नियम दाखवला, आणि या क्षेत्रातली सगळी अडचण त्या नियमात आहे. ज्या रेणूला निम्न-स्पिन अवस्था फार प्रिय असते तो चटकन परततो. जो जेमतेमच ती पसंत करतो तो दीर्घकाळ अडकून राहतो. पण जेमतेम पसंत करणारा रेणू थोड्या उबेनेच आपोआप उच्च-स्पिन होतो. साध्या तापमानाला तो आधीच चुंबकीय असतो, मग उजेडाला करायला काही उरतच नाही. दीर्घ आयुष्य हवे तर थंडी पत्करा, साधे तापमान हवे तर आयुष्य सोडा. वर्तमानपत्रांत अधूनमधून 'उजेडाने चालणाऱ्या रेणूंचा संगणक' अशा बातम्या येतात तेव्हा मी पहिल्यांदा तापमानाचा आकडा शोधते. तो बहुतेक वेळा बातमीत नसतो. आणि उणे २५० अंश म्हणजे द्रव हीलियम. ते आपल्याला परदेशातून आणावे लागते. द्रव नायट्रोजन स्वस्त आहे, पण उणे १९६ अंशांवर माइन्त्सचा तो स्फटिक सगळे विसरून जातो.

या कोंडीतून निघायच्या तीन वाटा मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली वाट शेजाऱ्यांची. रेणू स्फटिकात एकटा नसतो. तो फुगला की शेजाऱ्यांना रेटतो आणि शेजारी त्याला. आपल्या दादरच्या आयडियलच्या गल्लीत दहीहंडीचे थर लागतात तेव्हा एका गोविंदाने गुडघा जरा सैल केला तर तो सैलपणा वरपासून खालपर्यंत सगळ्यांच्या खांद्यांना कळतो. तसे स्फटिकात एका रेणूचे दहा टक्के फुगणे सगळ्या जाळीला कळते. ही ओढाताण पुरेशी घट्ट असेल तर पदार्थ आपली आधीची अवस्था सहजी सोडत नाही. तापवताना एका तापमानाला पालटतो, थंड करताना त्याहून खालच्या. मधल्या पट्ट्यात दोन्ही अवस्था टिकतात आणि पदार्थ कोणत्या अवस्थेत आहे हे त्याचा पूर्वेतिहास ठरवतो. फ्रान्समध्ये तुलूझच्या गटाने २००५ साली लोह, पायरॅझिन आणि प्लॅटिनम सायनाइडच्या अशा एका जाळीवर लेसरचा एकच झटका देऊन साध्या तापमानाला पालट घडवली. त्या पदार्थाचा पट्टा आहे साधारण १२ अंश ते ३६ अंश सेल्सिअस. मुंबईकरांनी हे दोन आकडे ऐकून क्षणभर थांबावे. जानेवारीतल्या सर्वांत गार पहाटेपासून मार्चच्या तापलेल्या दुपारपर्यंतचे जवळजवळ सगळे आपले हवामान या पट्ट्यात बसते. पण पारा ३६ च्या वर गेला, आणि उन्हाळ्यात तो कधी कधी जातोच, की साठवलेली आठवण पुसली जाईल. म्हणजे पट्टा आणखी रुंद हवा. पण शेजाऱ्यांची पकड जितकी घट्ट, तितका पालट करायला उजेडाचा झटका जबर लागतो, आणि जबर झटक्याने पदार्थ तापतो. २००५ च्या त्या प्रयोगात उजेडाचा वाटा किती आणि त्याने दिलेल्या उबेचा किती, हा वाद म्हणूनच खरा आणि आवश्यक आहे.

दुसरी वाट निळ्या रंगाची. १८४२ साली जॉन हर्शेल यांनी लोहाच्या क्षारांनी कागदावर उन्हाने चित्र उमटवायची रीत काढली. तिचेच पुढे ब्लूप्रिंट झाले. परळ आणि लोअर परळची रेल्वे वर्कशॉपे, गिरण्यांची ड्रॉइंग ऑफिसे यांच्या पिढ्या या निळ्या कागदांवरच्या पांढऱ्या रेघा वाचत कामाला लागल्या. त्या कागदावर घडते ते आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. उन्हाने लोहाला एक इलेक्ट्रॉन जास्तीचा मिळतो, त्याचे चुंबकत्व बदलते, आणि मग ते फेरिसायनाइडशी मिळून प्रशियन ब्लू होते. पण ही वाट एकेरी आहे. उमटलेला नकाशा दुसऱ्या रंगाच्या उजेडाने पुसता येत नाही.

१९९६ साली जपानमध्ये ओसामु सातो, अकिरा फुजिशिमा, काझुहितो हाशिमोतो आणि सहकाऱ्यांनी ती दुहेरी केली. प्रशियन ब्लूच्या जाळीतल्या काही लोहाच्या जागी त्यांनी कोबाल्ट बसवले. लोह, मग कार्बन-नायट्रोजनचा दुवा, मग कोबाल्ट अशी रांग. थंड अवस्थेत या जोडीत जवळजवळ कुणाचेच चुंबकत्व नसते. तांबडा उजेड पडला की लोहाचा एक इलेक्ट्रॉन दुव्यावरून कोबाल्टकडे जातो. आता लोहाजवळ एक एकटा इलेक्ट्रॉन, कोबाल्टजवळ तीन. आणि जाळी सलग असल्यामुळे हे एकटे इलेक्ट्रॉन एकमेकांशी बोलू लागतात, म्हणजे पदार्थ नुसता चुंबकाकडे ओढला जात नाही तर स्वतः चुंबक होतो. निळा उजेड टाकला की बराचसा परत फिरतो. हेही काम उणे २५० अंशांखालचे. आपल्या तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, एस. एम. युसूफ, अमित कुमार आणि जे. व्ही. याखमी यांनी २००९ साली याच कुळातल्या तांबे-मँगनीजच्या संयुगात तापमान आणि चुंबकीय क्षेत्र यांनी चुंबकाचे ध्रुव उलटे होतात हे दाखवले. तिथे उजेड नव्हता, पण जाळीतला कोणता धातू कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे कळल्याशिवाय उजेडाची वाटही पुढे जात नाही, आणि ते पाहायला लागणारे न्यूट्रॉन किरण ध्रुव अणुभट्टीतून मिळतात.

तिसरी वाट मला सगळ्यांत जवळची. तिचे मूळ कापडाच्या रंगात आहे, आणि या सभागृहात कापड रंगवणाऱ्यांची मुले-नातवंडे बसलेली आहेत. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या रंगखात्यांत कापड आधी नॅफ्थॉलमध्ये बुडवून मग डायझो द्रावात काढले की धाग्यातच लाल रंग तयार होई. हे ॲझो रंग, दोन नायट्रोजनांच्या दुहेरी बंधावर उभे असलेले. त्यांचे शास्त्र मुंबईतही घडले. १९३३ साली सुरू झालेला मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, ज्याला आपण यूडीसीटी म्हणत आलो आणि जो पुढे माटुंग्याला आला, तिथे के. वेंकटरामन यांनी रंगरसायनाची परंपरा उभी केली. १९३८ साली ते तिथले संचालक झाले, आणि संश्लेषित रंगांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५२ पासून जगभर प्रमाण मानला गेला.

रंगखात्याची उजेडाकडून एकच अपेक्षा असते, त्याने रंगाला हात लावू नये. एक ते आठ अशा मापाने रंगाचा उन्हातला पक्केपणा तपासतात. पण ॲझो रेणूचा स्वभाव उजेडाला दाद देण्याचाच आहे. १९३७ साली जी. एस. हार्टली यांची ॲझोबेन्झीनची मोजमापे पुन्हा पुन्हा जुळेनात. कारण शोधले तेव्हा कळले की उजेडात सरळ रेणूंपैकी काही वाकडे होतात. लांब रेणू आखूड होतो. आणि हा वाकडेपणा साध्या तापमानाला, साध्या द्रावात होतो.

जर्मनीत कीलच्या राइनर हेर्गेस यांच्या गटाने २०११ साली हा गुण चुंबकत्वाला जुंपला. निबंधावर पहिले नाव सुगुमार वेंकटरमणी यांचे, जे नंतर मोहालीच्या आयसरमध्ये आले. त्यांनी रक्तातल्या लोहाभोवती असते तसे पॉर्फिरिनचे कडे घेतले, मध्ये लोहाऐवजी निकेल बसवले आणि कड्याला ॲझो रंगाचा एक हात जोडला. हात सरळ असताना निकेल सपाट चौकोनात असते, इलेक्ट्रॉन जोडीत, चुंबकत्व शून्य. ५०० नॅनोमीटरचा हिरवा उजेड पडला की हात वाकतो, त्याच्या टोकाचा नायट्रोजन निकेलवर येऊन टेकतो, आणि दोन इलेक्ट्रॉन एकटे होतात. ४३५ नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या उजेडाने हात परत जातो. साध्या तापमानाला, उघड्या हवेत, दहा हजारांहून जास्त वेळा पुढेमागे करूनही रेणू थकला नाही. इथे हाउझर यांच्या नियमाची कोंडी लागूच होत नाही, कारण इलेक्ट्रॉनांनी अडसरामागे अडकून राहायची गरज नाही; त्यांना रेणूचा आकारच धरून ठेवतो. या कल्पनेतून एमआरआयमध्ये हव्या त्या जागी उजेड टाकून प्रतिमा ठळक करता येईल, अशी हेर्गेस यांची धडपड आहे. मला ती संगणकाच्या स्वप्नापेक्षा जास्त पटते. शरीर साध्या तापमानाचे असते आणि आत सगळे द्रवातच असते. नॅनोमीटरभर रेणूवर माहितीचा एक अंश लिहिणे मोहक आहे, पण तो एकटा रेणू पुन्हा वाचायचा कसा याचे व्यवहारी उत्तर अजून कोणाकडे नाही.

मग अडले कुठे? हे सगळे द्रावात चालते. द्रावात रेणू सुटे असतात, त्यांना शेजारी नसतात, आणि शेजाऱ्यांशिवाय एकसंध चुंबक होत नाही. तेच रेणू स्फटिकात घट्ट बसवले तर ॲझोच्या हाताला वाकायला जागा उरत नाही. म्हणून जगभर आता असे पदार्थ घडवायचे प्रयत्न चालू आहेत ज्यांत पोकळ्या आहेत किंवा रेणू पृष्ठभागावर एका बाजूने रोवलेले आहेत, म्हणजे हात हलायला जागा मिळेल आणि खांद्याला शेजारीही राहील. माटुंग्याला रंगांचे रसायन आहे, कुलाब्याला अतिशीत तापमानाला चुंबकत्व मोजायची साधने आहेत, तुर्भ्याला न्यूट्रॉन आहेत, पवईच्या आयआयटीत रेणवीय चुंबक घडवणारे आणि त्यांचे गणित मांडणारे गट आहेत. या चार जागा लोकलच्या एका पासात येतात. इथल्या कॉलेजांतून जी मुले एम.एस्सी. करत आहेत त्यांच्यासाठी प्रश्न नेमका सांगते: घन पदार्थ हवा, ४५ अंशांच्या उन्हाळ्यातही अवस्था न विसरणारा, साध्या एलईडीच्या दोन रंगांनी पुढेमागे होणारा, आणि अंधारात ठेवला तर वर्षभर तसाच राहणारा. यांतल्या एकदोन अटी पुऱ्या करणारे पदार्थ आज आहेत. सगळ्या एकत्र पुऱ्या करणारा मला माहीत नाही.

आता तुमचे प्रश्न घेते.